रशीद डॉक्टर आणि पत्र्याच्या पाट्या

रशीद डॉक्टर गेले तेव्हा माझं त्यांच्याशी भांडण चालू होतं. ते अजून मिटलेलं नाही. समोरचा माणूस उठून गेला म्हणून आपलं म्हणणं खोटं ठरत नाही, हे मी मोंढ्यात शिकलोय. पण समोर कोणी नसताना भांडायचं कसं, हे मला तिथे कोणी शिकवलं नाही.

मी पपईचा व्यापारी. जन्म ब्राह्मणपुरीचा, धंदा शहाद्याचा. आधी दुसऱ्यांच्या ट्रकमध्ये पपई रचायचो, मग स्वतःचा माल रचायला लागलो. मला कोणी काही दिलं नाही. जे मिळालं ते भांडून, घासाघीस करून मिळालं, आणि त्याची मला लाज नाही. माझा आवाज मोठा आहे आणि तो लवकर चढतो, हेही सगळ्या तालुक्याला माहीत आहे. आम्ही काही व्यापारी आणि शेतकरी मिळून शहाद्यात ट्रस्टचा दवाखाना काढला, तेव्हा जागेपासून खिडकीच्या जाळीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा भाव मी केला. फक्त एका माणसाचा भाव मला कधी करता आला नाही.

डॉक्टर शहाद्यातल्याच एका शिंप्याचे धाकटे चिरंजीव. बुटके, अंगाने सुके, पांढरी दाढी नेहमी नीट कातरलेली. सर्जन म्हणून बाहेर मोठ्या दवाखान्यात नाव कमावून, आईच्या आजारपणात ते परत आले आणि राहिले. बाप कपडे शिवायचा, मुलगा माणसं शिवतो, असा विनोद गावात सगळेच करायचे. त्यावर ते हसायचे नाहीत. "आमचे अब्बा चुकले की उसवून परत शिवायचे," म्हणायचे. "मन्हं तसं नही ना भाऊ."

त्यांच्या खिशात नेहमी दोऱ्याची गुंडी असे. बोलता बोलता खुर्चीच्या हाताला दोरा घालून ते एका हाताने गाठी मारायचे. दुसऱ्या हातात चहाचा कप असे. आपण त्यांच्याशी पगारावरून, औषधांवरून, कशावरूनही तावातावाने बोलत असू, आणि त्या गाठी एकामागून एक, सारख्या, घट्ट पडत जात. ते उठून गेले की खुर्चीचा हात मण्यांची माळ गुंडाळल्यासारखा दिसायचा. झाडणारी बाई चिडून कात्रीने त्या काढायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दवाखान्यात येण्यासाठी त्यांनी एकच अट घातली. ऑपरेशन थिएटरमध्ये कोणी काय करायचं हे ट्रस्टी ठरवणार नाहीत, डॉक्टरांची समिती ठरवणार. येणाऱ्या डॉक्टरची पदवी, नोंदणी, आधीच्या जागी त्याने काय काम केलं, सगळं जिथलं तिथे विचारून खात्री करायची. मग त्याच्या शेजारी उभं राहून त्याचं काम बघायचं. आणि मग एकेका ऑपरेशनची वेगळी परवानगी द्यायची. सर्जन आहे म्हणून सगळं करेल, असं चालणार नाही. मी लगेच हो म्हणालो. अट फुकटची होती, असं मला वाटलं.

माझी पहिली चकमक एका तरुण डॉक्टरवरून झाली. त्याला मी सुरतेहून आणला होता. चांगली घासाघीस करून आणला होता. शिवाय त्याच्यासाठी दुर्बिणीने ऑपरेशन करायचं यंत्र घेतलं होतं, कारण पोटाला छोटी छोटी भोकं पाडून काम होतं म्हटल्यावर नंदुरबारपासून तळोद्यापर्यंतचे लोक आमच्याकडे येणार होते. चौकात त्याच्या फोटोचा बॅनरही लागला. डॉक्टरांनी त्याचे कागद तपासले. सगळे खरे निघाले. त्याच्या कॉलेजात स्वतः फोन केला, कागदावरच्या नंबरवर नाही, दुसरीकडून शोधून काढलेल्या नंबरवर. मग त्याच्या शेजारी उभं राहून त्याचं काम पाहिलं आणि सांगितलं, अपेंडिक्स चालेल, हर्निया चालेल, दुर्बीण नाही.

मी त्यांच्या खोलीत गेलो तो ओरडतच. "कागद खरे आहेत ना त्याचे?"

"खरे शेतस."

"मग?"

"दुर्बिणनं दोन दिननं शिबिर करेल शे त्यानी. शिबिरमा दखेल शे, करेल नही." त्यांनी गाठ मारली. "शेठ, पपई वरून पिवळी दिसनी म्हनीसन तुम्ही गाडी भरतस का?"

"नाही."

"कापी दखतस ना?"

"हो, पण..."

"आठे कापी दखाले मानूस लागस. मंग मी कोनले कापू दिऊ, शेठ? ब्राह्मणपुरीवाला का धडगाववाला?"

मी आणखीच ओरडलो. यंत्र कापड घालून ठेवलं गेलं. त्या पोराला त्यांनी नाशिकला शिकायला पाठवलं, तेही आमच्या खर्चाने. तो परत आला, डॉक्टर पुन्हा त्याच्या शेजारी उभे राहिले, आणि मगच यंत्रावरचं कापड निघालं. त्या दिवशी ते मला म्हणाले, "बॅनर आते लावा." तोवर बॅनर उन्हाने पांढरा पडला होता.

पाट्या ही त्यांचीच कल्पना. कोणाला कशाची परवानगी आहे हे फाइलमध्ये राहून उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं. थिएटरच्या बाहेर त्यांनी एक मोठा लाकडी फळा बसवायला लावला. वर डॉक्टरांची नावं, नावाखाली हूक, आणि हुकांवर पत्र्याच्या छोट्या पाट्या. एका ऑपरेशनची एक पाटी. आमच्याकडे निम्मे पेशंट सातपुड्यातून यायचे, त्यांना वाचता येईलच असं नाही, म्हणून पाट्यांवर चित्रं. चित्रं काढली ट्रॅक्टर-ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरने. त्याने हाड काढलं ते कुत्र्याच्या तोंडात शोभेल असं. पोट काढलं ते मोठ्या पपईसारखं. आणि हर्निया म्हणजे काय हे डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर त्याने बराच विचार करून वांगं काढलं. ते तसंच राहिलं. धडगावकडचे म्हातारे ओपीडीत येऊन सांगायचे, मला वांग्याचं करायचंय.

ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या नातेवाइकाला फळ्यापाशी न्यायचं, हा नियम. हा डॉक्टर, ही त्याची पाटी, हे काम तो करणार. नातेवाइकाने पाटीला हात लावायचा आणि मगच अंगठा किंवा सही. डॉक्टर हे पावरी बोलीत सांगायचे, मोडकंतोडकं, पण न चुकता. मी एकदा म्हणालो, हा सगळा तमाशा कशाला? त्यांना काय कळतंय?

त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले. "मणिबेलीचा माणूस नावेत बसून, मग जीपच्या टपावर बसून येतो. तो मला विचारेल का, डॉक्टर, तुम्ही हे आधी केलंय का? विचारेल? तुम्ही विचाराल, कारण तुम्ही भांडकुदळ आहात. तो नाही विचारणार. म्हणून मी त्याच्या वतीने विचारतो."

चिडले की ते शुद्ध मराठीत जायचे.

माझी बायको शोभा त्यांची लाडकी होती, आणि ते तिचे. तिचं अपेंडिक्स त्यांनीच काढलेलं. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत झालं की पहिला डबा दवाखान्यात जायचा. ते कोपरापर्यंत हात धुऊन जेवायला बसायचे, ऑपरेशनला जातात तसे. शोभा म्हणायची, "डॉक्टरभाऊ, भाकरनं ऑपरेशन शे का?" आमच्या घरी आले की माझ्याशी कमी आणि तिच्याशी जास्त बोलायचे. माझ्या तक्रारी ती त्यांना सांगायची आणि त्यांच्या मला. आमचे निम्मे तंटे तिनेच मिटवले असतील.

मग पावरा मॅडम आल्या. धडगावच्या पुढच्या एका पाड्यातली मुलगी, सर्जन होऊन आलेली. डॉक्टर फार खुश होते. पण म्हणून सवलत नाही. तिच्याही शेजारी ते तितकेच दिवस उभे राहिले आणि तिच्या नावाखाली एकेक पाटी स्वतः स्टुलावर चढून अडकवली. पपईची पाटी सगळ्यात शेवटी.

त्यानंतर काही वर्षांनी एकदा मी त्यांच्या खोलीत बसलो होतो. कशावरून तरी मी तापलो होतो. बोलता बोलता लक्षात आलं की काहीतरी कमी आहे. खुर्चीचा हात मोकळा होता. दोरा खिशातच. मला वाटलं, सवय सुटली असेल.

सवय सुटली नव्हती. त्यांनी पावरा मॅडमना बोलावून सांगितलं होतं, मी तुझ्या शेजारी उभा राहिलो तशी आता तू माझ्या शेजारी उभी राहा, आणि जे दिसेल ते समितीला लिहून दे. हे मला नंतर मॅडमनीच सांगितलं. त्यांना उजव्या हाताची थरथर दिसली. थोडीशीच. दुसऱ्या कोणाला दिसली नसती. त्या रडायला लागल्या, तर डॉक्टर खेकसले, "रडू नको. लिही." त्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर स्टूल घेऊन फळ्यापाशी गेले आणि आपल्या नावाखालच्या पाट्या काढून खिशात भरायला लागले. सिस्टर, वॉर्डबॉय, पेशंट सगळे बघत उभे. एकच पाटी त्यांनी ठेवली, तपासायच्या नळीचं चित्र असलेली. मी धावत पोचलो तोवर खाली उतरले होते. खिसे पत्र्याने वाजत होते.

"अहो, इतक्यात कशाला? कोणाला कळलंय?"

"माले कळनं ना," ते म्हणाले.

हे सगळं मी इतकं सांगतोय कारण पुढचं सांगायला मला त्रास होतो.

शोभा भाचीच्या मागे स्कूटरवर बसून दोंडाईच्याच्या रस्त्याने येत होती. उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून दोघी पडल्या. भाचीला खरचटलं. शोभा डाव्या कुशीवर पडली, उठली, कपडे झटकले, घरी आली. मला म्हणाली काही नाही झालं. तिने सगळ्यांसाठी चहा केला. मला कप देताना ओट्याला टेकली आणि तशीच खाली बसली. चेहरा खडूसारखा झाला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, सोनोग्राफी पाहिली. पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटली होती. पोटात रक्त साठत होतं. पोट उघडून ती काढायला हवी होती. सुरतेवाला पोरगा केव्हाच मोठ्या शहरात निघून गेला होता. पावरा मॅडम धडगावच्या वर चुलतभावाच्या लग्नाला गेलेल्या, फोन लागत नव्हता. लागला असता तरी घाट उतरून यायला संध्याकाळ झाली असती. भूल देणारे डॉक्टर हजर होते. थिएटर रिकामं होतं. आणि अख्ख्या जिल्ह्यात ज्याने सगळ्यात जास्त पाणथऱ्या काढल्या असतील तो माणूस माझ्यासमोर उभा होता.

"चला डॉक्टर. घ्या आत."

"भाऊ, धुळे. गाडी तयार करेल शे. रक्त लाई दिन्हं. मी संगे येस."

"धुळे कसाले? तुम्ही शेतस ना!"

मला नियम माहीत होता. जीव जात असेल आणि दुसरं कोणी नसेल, तर पाटी नसलेला डॉक्टरही हात घालू शकतो. तो नियम त्यांनीच लिहिला होता. मी तो त्यांच्या तोंडावर फेकला. "सूट शे ना नियममा? तुम्हीच लिखेल शे ना?"

"शे."

"मंग?"

त्यांनी खिशातून दोरा काढला. बाकाच्या हाताला घातला आणि एका हाताने गाठ मारायला गेले. दोरा बोटांतून निसटला. पुन्हा धरला. पुन्हा निसटला. इतकी वर्षं जे मी न बघता बघत आलो होतो ते त्यांना जमेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते दाखवत होते, आणि मला ते बघायचं नव्हतं.

मी त्यांचा हात धरला. आयुष्यात कोणाचे पाय धरले नाहीत, पण तो हात मी दोन्ही हातांनी धरला. "निम्मा हात चाली माले, डॉक्टर. तुम्हना निम्मा हात बी दुसरासपेक्षा चांगला शे. निम्मावर सौदा करस मी. जे व्हई ते मन्हावर."

"भाऊ," ते म्हणाले, "भाव करानी येळ नही शे. उचला तिले."

गाडीत ते तिच्या शेजारी बसले, मी पायाशी. सारंगखेड्याच्या पुलावर तिने डोळे उघडले. तापीला पाणी भरपूर होतं. डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं होतं, आणि त्यांचा हात आता लपत नव्हता. ती त्या हाताकडे बघत राहिली.

"डॉक्टरभाऊ," तिचा आवाज अगदी खाली गेला होता, "तुम्हले थंडी वाजी ऱ्हायनी का?"

आणि तिने पदर ओढून त्यांच्या हातावर घातला.

दोंडाईचा ओलांडल्यावर ती गेली. तरी डॉक्टरांनी गाडी थांबू दिली नाही, धुळ्यापर्यंत तिच्या छातीवर दाब देत राहिले. तिथल्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, उशीर झाला. माझं सगळं भांडण त्या एका शब्दाशी आहे. उशीर कोणी केला?

दिवसकार्य झाल्यावर समितीची बैठक लागली. ती डॉक्टरांनीच बोलावली होती, स्वतःवर. दवाखान्यातला पेशंट गेला की संबंधित डॉक्टरला समोरच्या खुर्चीत बसवून विचारायचं, ही त्यांनीच घातलेली पद्धत. त्या खुर्चीत ते येऊन बसले आणि म्हणाले, शेठना विचारू द्या.

मी विचारलं. शुद्ध मराठीत विचारलं, म्हणजे मी किती रागात होतो ते कळेल. "तुम्ही तिला आत घेतलं असतं तर ती वाचली असती का?"

"मला माहीत नाही."

"अंदाज सांगा."

"अंदाज नाही, भाऊ. हात असा असताना रक्त थांबवता आलं असतं की नाही, माहीत नाही. धुळ्याला पोचेल असं मला वाटलं होतं. पोचली नाही."

"म्हणजे तुम्ही चुकलात?"

"तेही माहीत नाही."

ते एकदा जरी म्हणाले असते की मी बरोबर होतो, तर मी त्यांना आयुष्यभर शिव्या घालून मोकळा झालो असतो. चुकलो म्हणाले असते, तर कदाचित माफही केलं असतं. त्यांनी मला दोन्हींतलं काहीच दिलं नाही. समितीने ठराव लिहिला की निर्णय योग्य होता. तो सहीला त्यांच्यापुढे आला तेव्हा त्यांनी कागद परत सरकवला. "माले माहीत नही ते तुम्हले कसं माहीत?"

मी बाहेर आलो आणि तो फळा भिंतीवरून उपटायला गेलो. पाट्या खणखणल्या, फळा हलला नाही. लांब खिळे मारून पक्का बसवलेला होता. सुताराच्या डोक्यावर उभं राहून मीच तो तसा बसवून घेतला होता.

त्यानंतर मी डॉक्टरांशी बोललो नाही. ते दवाखान्यात यायचे, तपासायचे, नवीन डॉक्टरांच्या शेजारी उभे राहायचे. पुढे हातात काठी आली. नंतर येणंही बंद झालं. रस्त्यात दिसले तर मी गाडीची काच वर करायचो. ते मात्र प्रत्येक वेळी थांबून, गाडी जाईपर्यंत उभे राहायचे.

मग माझाच हर्निया वाढला. पावरा मॅडम म्हणाल्या, आता टाळू नका. मुलगा पुण्याहून निघाला होता, पण रस्त्यात अडकला. मी स्ट्रेचरवर, आणि सिस्टर बाहेर जाऊन ओरडली, "पेशंटचे नातेवाईक कोण?"

काठीचा आवाज आला. किती वेळ ते बाहेरच्या बाकावर बसले होते, कोणाला माहीत.

"मी शे."

सिस्टर नवीन होती, नंदुरबारची. "नातं काय, बाबा?"

त्यांनी काठी बाकाला टेकवली. "लिख," म्हणाले, "आम्हनं भांडन शे."

सिस्टर हसली. मी स्ट्रेचरवरून तोंड फिरवलं, पण कान फिरवता येत नाहीत, आणि थोड्याच वेळात डोळेही तिकडेच वळले. सिस्टरने त्यांना फळ्यापाशी नेलं आणि नियमाप्रमाणे सांगायला लागली, ह्या पावरा मॅडम, ही त्यांची पाटी. जणू हा फळा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यांनीही मधे तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग शेजारी उभ्या मॅडमना विचारलं, हे तुम्ही आधी केलंय का, तुमच्या शेजारी कोण उभं होतं? मॅडम म्हणाल्या, "तुम्ही होतात, सर." त्यांनी मान हलवली, वांग्यावर हात ठेवला. पत्रा बराच वेळ हुकावर थरथरत वाजत राहिला.

सिस्टरने पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, कागदावर टेकवलं, आणि परत दिलं.

"शाई ली ये, बेटा," म्हणाले, आणि अंगठा पुढे केला.

शुद्धीवर आलो तेव्हा दुपार झाली होती. मुलगा पोचला होता आणि माझ्या पायाशी पेंगत होता. पलंगाशेजारचं स्टूल रिकामं होतं. त्यानंतर मला डॉक्टर दिसले नाहीत. ते गेले तेव्हा मी माल घेऊन परमुलखात होतो, मातीलाही पोचलो नाही. ते शेवटचे दिसले ते पाठमोरे, फळ्यासमोर.

पलंगाच्या दांडीला पांढरा दोरा होता. त्याला एकच गाठ होती, वाकडी, ढिली, पहिल्यांदा शिकणाऱ्या पोराने मारल्यासारखी. बोट लावलं असतं तर सुटली असती. झाडणारी बाई कात्री घेऊन आली, तेव्हा मी तिला म्हटलं, राहू दे ती.